लिटरमागे किती घोडे?

सोलापूर–येडशी आणि येडशी–छत्रपती संभाजीनगर हे दोन्ही टप्पे चौपदरी झाले आणि धाराशिव जिल्ह्यातून जाणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्याही बदलल्या. तुळजापूरच्या घाटात, येरमाळ्याजवळ, टोलनाक्याच्या रांगेत आता मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू सहज दिसतात. या गाड्यांच्या मालकांत, मेकॅनिकांत आणि नुसत्या शौकिनांतही एक समज पक्का बसला आहे: इंजिन बनवावं ते जर्मनांनीच, अमेरिकन गाडी म्हणजे पेट्रोल पिणारं अवजड धूड. या समजाचा पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा बराचसा चुकीचा. इंजिन किती टिकेल हे ते कोणत्या देशात जन्मलं यावरून ठरत नाही. एका लिटरमधून किती ताकद काढायची आणि त्यासाठी किती गुंतागुंत पत्करायची, यावर ते ठरतं. या कसोटीवर पाहिलं तर मराठवाड्याच्या उन्हात आणि वर्कशॉपपासून दूरच्या गावात जुना अमेरिकन विचार अधिक शहाणा ठरतो. तो विचार घेऊन आलेली सेडान आपल्याला विकत मिळत नाही, हा भाग वेगळा.

एकेकाळी ती मिळत होती आणि भरपूर मिळत होती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, ती १९५४ पर्यंत चालली. त्याहून जवळचा धागा वालचंद हिराचंद यांचा. जन्म सोलापूरचा, १८८२चा. आपल्या जिल्ह्याच्या अंगावरून लातूरकडे गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर त्यांनी कंत्राटदारीचे पहिले धडे गिरवले. पुढे १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जुळवायला सुरुवात केली. त्या काळच्या प्लिमथचं इंजिन सहा सिलिंडरचं, साधारण ३.६ लिटरचं आणि ताकद ९५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे जेमतेम सव्वीस. आजच्या कागदावर हा आकडा केविलवाणा दिसतो. पण व्हॉल्व्ह बाजूला बसवलेलं, फिरण्याची घाई नसलेलं ते लोखंडी इंजिन हलक्या दर्जाच्या पेट्रोलवर चालायचं आणि साध्या हत्यारांनी खोलता यायचं. परकीय चलनाची टंचाई आली, छोट्या गाड्यांचं धोरण आलं, कुर्ल्यात फियाट बनू लागली आणि अमेरिकन सेडान रस्त्यावरून नाहीशी झाली. इंजिनात खोट निघाली म्हणून ती गेली नाही.

जर्मनांचा विजयही निव्वळ इंजिनाचा नाही. मर्सिडीज-बेंझ १९९४ साली पुण्यात आली, टेल्कोच्या मदतीने १९९५ पासून ई-क्लास बनवू लागली आणि पुढे चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. ऑडीची ए-६ २००७ पासून आपल्या मराठवाड्यातच, शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात जुळू लागली. कॅडिलॅक आणि लिंकन मात्र या काळात अधिकृतपणे इथे आल्याच नाहीत. जनरल मोटर्सने तळेगावात छोट्या शेव्हरोले बनवल्या, २०१७ साली देशातली विक्री थांबवली आणि २०२० अखेर उत्पादनही बंद केलं. त्यात आयातशुल्काची भिंत होती. बाहेरून तयार येणाऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन ३,००० सीसीपेक्षा मोठं असेल तर बराच काळ शंभर टक्के शुल्क लागत असे. सहा लिटरची गाडी या भिंतीपलीकडेच राहिली. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकगठ्ठा सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या आसपासचा तो व्यवहार देशभर गाजला. तिथे अमेरिकन गाडी स्पर्धेत हरली नव्हती, ती दुकानातच नव्हती. प्रतिस्पर्धी मैदानात नसताना मिळालेल्या विजयावरून इंजिनांची गुणवत्ता ठरवता येत नाही.

दोन देशांची इंजिनं वेगळी घडली, कारण त्यांचे रस्ते आणि कर वेगळे होते. जर्मनीत गाडीवरचा वार्षिक कर पिढ्यान्पिढ्या इंजिनाच्या सीसीवर मोजला गेला, इंधन महाग राहिलं आणि ऑटोबानच्या मोठ्या भागावर वेगमर्यादाच नाही. म्हणून तिथल्या इंजिनियरने छोट्या इंजिनातून जास्त ताकद काढण्याची विद्या विकसित केली: डोक्यावर दोन-दोन कॅमशाफ्ट, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, थेट इंजेक्शन, टर्बो. अमेरिकेत पेट्रोलवरचा केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच आहे. अंतरं लांब, रस्ते सरळ, आणि १९७४ नंतर वीसेक वर्षं महामार्गावर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा होती. तिथे आकार फुकट होता, म्हणून इंजिन मोठं आणि निवांत ठेवलं गेलं. कॅडिलॅकने १९१४ साली व्ही-८ इंजिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलं. १९७० च्या एल्डोराडोत तर ८.२ लिटरचं इंजिन होतं आणि १९७६ साली प्रदूषणाच्या नियमांखाली त्याच इंजिनाची ताकद १९० अश्वशक्तीवर उतरली होती. जर्मन इंजिनियरला हे वाया घालवणं वाटेल, पण असं इंजिन कधी घामाघूम होत नाही.

या अमेरिकन व्ही-८चं बोनेट उघडून पाहण्यासारखं आहे. एकच कॅमशाफ्ट, तोही डोक्यावर नसून ब्लॉकच्या पोटात, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधोमध. त्यावरून सोळा सळ्या वर जातात आणि सोळा व्हॉल्व्ह उघडतात. क्रँकपासून कॅमपर्यंतचं अंतर इतकं कमी की टायमिंग चेन अगदी आखूड असते आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडाला बसते. आता शेजारी बीएमडब्ल्यूचं एन-४७ ठेवा. ३२० डी आणि ५२० डी या आपल्याकडे भरपूर खपलेल्या गाड्यांत ते होतं. त्याची चेन लांब आहे आणि गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे मागे बसवलेली. या चेनच्या तक्रारी जगभर झाल्या. चेन सैल झाली तर ती बदलायला अख्खं इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन चालत असतं तेव्हा सुरेखच असतं, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न ते दहाव्या वर्षी कुणाच्या हातात आणि कुठल्या गावात असेल, हा आहे.

जुन्या विचाराला आजही जोर आहे का, असं कुणी विचारेल. कॅडिलॅकच्या सीटी-५ व्ही ब्लॅकविंगमध्ये याच पद्धतीचं, सळ्यांचं ६.२ लिटर व्ही-८ आहे. त्याला सुपरचार्जर जोडून ६६८ अश्वशक्ती काढली आहे. मर्सिडीजच्या एएमजी सी-६३ एस ई परफॉर्मन्समध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, मोठा टर्बो, बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून जवळपास तेवढीच ताकद निघते. त्यातल्या नुसत्या इंजिनाची ताकद ४७६ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आहे, म्हणजे लिटरमागे दोनशे अडतीसच्या आसपास. कॅडिलॅकचा हाच आकडा एकशे आठ. जर्मन गाडी वजनाने मात्र अमेरिकन गाडीपेक्षा दीडशे किलोंहून जास्त जड भरते. आणि अमेरिकन गाडीला वळण घेता येत नाही म्हणणाऱ्यांनी मे २००८ आठवावा. याच कुळीचं इंजिन असलेल्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीने जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगवर ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांची फेरी मारली होती.

गंमत अशी की आपल्याकडे ज्या जर्मन इंजिनाने मर्सिडीजचं नाव अजरामर केलं, तेही याच निवांत स्वभावाचं होतं. १९९५ च्या ई-क्लासमधलं अडीच लिटरचं पाच सिलिंडर डिझेल बिनटर्बोचं होतं आणि त्याची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे लिटरमागे चाळीसेक. आजच्या ई-२२० डी मध्ये १,९९३ सीसीतून १९७ अश्वशक्ती निघते, लिटरमागे जवळजवळ शंभर. चार बैलांचा नांगर दोन बैलांवर आला आहे आणि लोक मात्र जुन्या चौघांच्या पुण्याईवर नव्या दोघांना जोखत आहेत.

आता धाराशिवकडे येऊ. केंद्राने २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर मोटारीला जास्तीत जास्त ताशी १०० किलोमीटरची मुभा दिली. सपाटीवर हा वेग राखायला सेडानला वीस-पंचवीस अश्वशक्ती पुरते. यावर कुणी म्हणेल, मग छोटं टर्बो इंजिनही आरामातच असणार. सरळ रस्त्यावर ते असतंच. पण उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकताना, चाळिशीपार पारा असलेल्या मे महिन्यात घाट चढताना, टर्बोतून येणारी हवा तापते, पेट्रोल वेळेआधी भडकू पाहतं, नॉक सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे खेचतो. ताकद नेमकी हवी तेव्हा उतरते. शिवाय टर्बो, उच्चदाबाचा पंप, डिझेल असेल तर बीएस-६ चा काजळी गाळणारा फिल्टर, हे सगळं तुम्ही हळू चालवलं म्हणून गाडीतून जात नाही. तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी लांब आणि सलग धाव लागते. कोर्ट, बँक आणि घर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या तालुक्याच्या गाडीला ती मिळत नाही. पेट्रोलवाल्यांनी इथेनॉलचाही विचार करावा. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून निघणारं इथेनॉल आता वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये आहे. ते नॉक कमी करतं, ही टर्बो इंजिनासाठी चांगलीच गोष्ट. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांचे रबरी सील आणि पाइप त्यासाठी बनले असतीलच असं नाही. आणि यातलं काही बिघडलं तर कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्यात नाही. पुणे काय किंवा संभाजीनगर काय, अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

अमेरिकन इंजिनांच्या विरोधात सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्याच इतिहासात आहे आणि तो डावलता येणार नाही. १९७८ चं ओल्ड्समोबाइलचं व्ही-८ डिझेल हेडबोल्ट आणि इंधनातल्या पाण्यामुळे बदनाम झालं. १९८१ ची कॅडिलॅकची सिलिंडर बंद-चालू करणारी यंत्रणा जवळजवळ वर्षभरातच गुंडाळावी लागली. नव्वदीतल्या नॉर्थस्टार इंजिनात ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले हेडबोल्टचे आटे सुटू लागले. पण या तिन्ही ठिकाणी काय झालं ते पाहा. अमेरिकन कंपनीने आपली सवयीची वाट सोडली आणि घाईने डिझेल, कॉम्प्युटर आणि चार कॅमशाफ्टच्या वाटेला लागली. अर्थात मोठं इंजिन म्हणजे अमर इंजिन असंही नाही. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ट्रक आणि एसयूव्हींमधल्या ६.२ लिटर इंजिनांसाठी अमेरिकेत जवळपास सहा लाख गाड्या परत बोलावल्या, दोष क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या उत्पादनातला. साधी रचना निष्काळजीपणापासून वाचवत नाही. जर्मनांनाही ताकदीचा मोह बाधला आहे. बीएमडब्ल्यूच्या एन-६३ व्ही-८ मध्ये टर्बो दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधल्या घळीत बसवले, तिथल्या उष्णतेने सील लवकर म्हातारे होऊ लागले आणि डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी खास दुरुस्ती मोहीम काढावी लागली.

दुसरा आक्षेप इंधनाचा, आणि तो रास्त आहे. ब्लॅकविंग अमेरिकी मोजणीत लिटरला साडेसहा किलोमीटरही देत नाही. डिझेल ई-क्लास महामार्गावर पंधराच्या पुढे जाते. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याने हा हिशेब वेगळा मांडावा, आणि धुराचाही. मी सहा लिटरच्या गाडीची भलामण करत नाही. माझं भांडण लिटरमागे दोनशे अडतीसच्या हव्यासाशी आहे. दोन लिटरमधून शंभर-सव्वाशे अश्वशक्ती काढणारं, टर्बो नसलेलं किंवा हलका टर्बो असलेलं इंजिन मायलेजही देतं आणि टिकतंही. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी सरसकट चाळीस टक्के आहे, दोन लिटर असो वा तीन. म्हणजे करासाठी इंजिन पिळण्याचं कारणही आपल्याकडे आता उरलेलं नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो: आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या, दुष्काळ आणि कर्ज पाठीशी असलेल्या या मुलखात आलिशान सेडानची चर्चा कशाला? औरंगाबादच्या त्या व्यवहाराबद्दल लिहिताना पत्रकार पी. साईनाथ यांनी यावरच बोट ठेवलं होतं. मर्सिडीजला तेव्हा सात टक्क्यांनी कर्ज मिळालं आणि ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी महाग. ती टीका मला शंभर टक्के मान्य आहे. पण चर्चा याच कारणासाठी हवी. पुण्या-मुंबईत सहा-सात वर्षं चाललेली जर्मन गाडी नव्या साध्या गाडीच्या किमतीत मिळते आणि एखादा दुकानदार, शिक्षक, उसाच्या बिलावर अवलंबून असलेला शेतकऱ्याचा मुलगा हौसेने ती घेतो. गाडीची किंमत उतरलेली असते, सुट्या भागांची नाही. पहिल्या मालकाने उपभोगलेल्या ताकदीचं बिल तिसऱ्या मालकाच्या हाती येतं.

म्हणून जुनी जर्मन गाडी बघायला जाल तेव्हा बोनेटवरच्या चिन्हाआधी इंजिनाचा कोड विचारा. तुम्हाला बसणाऱ्यांत सर्वांत कमी ताकदीचं इंजिन निवडा. सर्व्हिसची पूर्ण नोंद नसेल तर व्यवहार सोडा. सकाळी थंड इंजिन सुरू करून चेनचा आवाज ऐका. तेल पंधरा हजारांची वाट न बघता आठ-दहा हजारांवर बदला, आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू राहू द्या. हे करायची तयारी नसेल, तर ती गाडी घेऊ नका.