सूचक मी, अनुमोदक हवा

आमच्या समोरच्या घरातला ग्रीक म्हातारा यंदा वारला. मेलबर्नच्या ओकली भागात आम्ही राहतो. इथे गल्लीतली सगळी पोरं, त्यात माझीही दोन आली, त्याला ग्रीक पद्धतीने पापू, म्हणजे आजोबा, म्हणायची. अंत्यविधीला दोन माणसं बोलली. पहिल्याने सांगितलं ते आपल्याला तोंडपाठ असतं: एक बॅग घेऊन आला, कारखान्यात राबला, मुलं शिकवली, घरं बांधली. मग एक त्याच्याहून म्हातारा माणूस काठी टेकत उठला. म्हणाला, "सत्तावीस वर्षं हा आमचा खजिनदार होता. हिशोबात एका सेंटचा घोळ झाला नाही." आणि खाली बसला.

मला या दुसऱ्या भाषणाबद्दल लिहायचं आहे. पहिल्या प्रकारची भाषणं आपण भरपूर ऐकतो, विशेषतः आपापल्या मुलांबद्दल.

तरी पहिलं थोडक्यात सांगते. पापू ग्रीसमधल्या कालामाताजवळच्या खेड्यातला. ऑलिव्ह, अंजीर आणि बेदाणे एवढीच तिथली श्रीमंती. लहानपणी महायुद्ध पाहिलं, त्याच्या पाठोपाठ यादवी युद्ध. पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि त्यांच्या हुंड्याची सोय केल्याशिवाय भावाने बोहल्यावर चढायचं नाही, अशी रीत होती. (ग्रीसमध्ये हुंड्याची प्रथा कायद्याने 1983 साली संपली. आपला कायदा 1961 चा. कोणाकडची प्रथा खरोखर संपली, ते वाचकांनीच ठरवावं.) ऑस्ट्रेलियाला कारखान्यांसाठी माणसं हवी होती. 1952 पासून सरकारी मदतीने ग्रीक येऊ लागले आणि पुढच्या वीसेक वर्षांत दोन लाखांहून जास्त आले. तिकिटाला मदत मिळाली की दोन वर्षं सांगतील तिथे काम करायचं, असा करार असे. पापू 1964 साली 'पात्रिस' बोटीने पिरेयसहून निघाला आणि सुएझ, एडन, फ्रीमँटल करत मेलबर्नच्या स्टेशन पिअरला उतरला. पहिल्या पगारातून बहिणीच्या नावाने मनीऑर्डर गेली.

त्या काळी आपल्यासारख्यांना इथे दार जवळपास बंदच होतं. गोऱ्यांपुरतं ऑस्ट्रेलिया हे धोरण 1973 मध्ये व्हिटलम सरकारने पुरतं मोडीत काढलं. पण ग्रीकांनाही गोरं म्हणायला इथले लोक फारसे राजी नव्हते. 1916 साली कालगुर्लीत ग्रीकांची दुकानं फोडली होती. पापूला ट्राममध्ये 'वॉग' म्हणून हिणवत, बसमध्ये ग्रीक बोललं तर गप्प बसायला सांगत. पुढे त्याच्या नातवंडांनी तीच शिवी विनोदाने स्वतःला लावून घेतली, ते त्याला अजिबात आवडायचं नाही.

बायकोबद्दल कोणी बोललं नाही. आम्ही तिला याया म्हणतो. 1957 मध्ये 'बेगोन्या' बोटीतून शेकडो ग्रीक मुली नुसत्या फोटोवर ठरलेल्या नवऱ्यांकडे आल्या होत्या, त्याची आठवण अजून इथे निघते. यायाही पुढे तशीच आली, हातात फोटो धरून. दिवसा ब्रन्सविकच्या कपड्यांच्या कारखान्यात, रात्री गॅरेजमध्ये घरच्या मशीनवर शर्टाच्या कॉलर, नगावर पैसे. त्यांचं पहिलं घर त्या कॉलरींवर उभं राहिलं असं माझं मत आहे. पापूचंही होतं, पण ते घरच्या वाइनचा दुसरा ग्लास रिकामा झाल्यावरच बाहेर पडायचं.

आता खजिनदारकी. एका गावची, एका तालुक्याची माणसं परदेशात एकत्र येऊन भ्रातृमंडळ काढतात, ही ग्रीकांची जुनी चाल. पापू सहावीपर्यंत शिकलेला, पण अक्षर मोत्यासारखं. एवढ्या पात्रतेवर 1965 मध्ये वह्या त्याच्या गळ्यात पडल्या. त्या त्याच्या गॅरेजमध्ये अजून आहेत, टोमॅटोच्या सॉसच्या बाटल्यांच्या वरच्या फळीवर, सुतळीने बांधलेल्या. त्याच्या मुलीने मला एक सोडून दाखवली. पहिली पानं शिलिंगांत, 14 फेब्रुवारी 1966 नंतर डॉलरात, कारण त्या दिवशी देशाचं चलन बदललं. तारीख, नाव, बापाचं नाव, गाव, रक्कम. शेवटचा रकाना शेऱ्याचा. मुलगी वाचत गेली: "नवरा दवाखान्यात, तीन महिने वर्गणी मागू नये." "भाड्याचे दिले, परत घ्यायचे नाहीत." "आईच्या अंत्यविधीला गावी गेला, तिकिटाचा अर्धा भाग मंडळाचा." 1973 च्या जूनमध्ये ब्रॉडमेडोजच्या फोर्ड कारखान्यात मोठा संप झाला. त्यात ग्रीक, इटालियन, तुर्की कामगार पुढे होते. त्या महिन्यांत पानंच्या पानं पीठ आणि तेलाची आहेत.

हे पीठ आणि तेल मला त्याच्या तीन घरांपेक्षा मोठं वाटतं.

अशी शेकडो माणसं दर मंगळवारी संध्याकाळी कामावरून थकून येऊन वह्या उघडून बसली, म्हणून पुढचं सगळं झालं. मेलबर्नच्या ग्रीकांची मुख्य संस्था 1897 ची. तेव्हा शहरात ग्रीक मूठभर होते. 'नेओस कोस्मोस' हे वर्तमानपत्र 1957 पासून चालू आहे. शनिवारच्या ग्रीक शाळा निघाल्या, 1970 च्या दशकात समाजकल्याणाची संस्था आणि वृद्धांच्या निवासाची व्यवस्था उभी राहिली. लॉन्सडेल स्ट्रीटवर आज ग्रीकांची पंधरा मजली इमारत आहे.

यावर आपल्याकडची नेहमीची प्रतिक्रिया मला माहीत आहे: त्यांच्यात एकी असते हो, आपल्यात नसते. साफ खोटं. ग्रीक समाज आणि आर्चबिशपचं पीठ यांच्यात देवळांची मालकी कोणाची यावरून असं भांडण पेटलं होतं की साठच्या दशकात दोन गटांचे पाद्री वेगळे आणि पंगती वेगळ्या. पापूच्या सख्ख्या साडूने त्याच्याशी कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं. बायकांना कार्यकारिणीवर घ्यायला या मंडळींनी किती उशीर केला, त्याबद्दल यायाचं ऐकावं. तरी वर्गणी दोन्ही गटांकडून येत राहिली आणि दोन्ही गटांनी शाळा चालवल्या. भांडण वह्यांच्या बाहेर ठेवणं त्यांना जमलं.

मी मिरजेला शिकलेली नर्स. इथे एका एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासी केंद्रात, रात्रपाळी करते. स्मृतिभ्रंश वाढला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईकडून आलेली शेवटपर्यंत टिकते, हे आम्ही रोज पाहतो. चाळीस वर्षं इंग्रजीत नोकरी केलेला माणूस एका सकाळी फक्त ग्रीक बोलू लागतो. ग्रीकांसाठी या शहरात ग्रीक बोलणाऱ्या आया असलेली केंद्रं आहेत. तिथे गुड फ्रायडेला स्वयंपाकघरातून व्हिनेगर घातलेलं मसुरांचं कढण येतं आणि त्या दिवशी तेल का नको, हे कोणाला सांगावं लागत नाही.

आमच्या केंद्रात एक मराठी आजी होत्या. मधुमेही, इन्सुलिनवर. एका संध्याकाळी मी पाळीवर आले तर फाइलवर लाल शेरा: न्याहारी नाकारली, दुपारचं जेवण नाकारलं, चमचा ढकलला. गिळायला त्रास होतो का, हे तपासायला तज्ज्ञाला बोलावून झालं होतं. डॉक्टर इन्सुलिन बदलण्याच्या विचारात. आजी खिडकीकडे तोंड करून बसलेल्या. मी मोबाइलवर पंचांग काढलं. संकष्टी होती. त्या चंद्रोदयाची वाट पाहत होत्या. घरी फोन केला, नवरा साबुदाण्याची खिचडी घेऊन आला, साखर तपासून मी त्यांना थोडी थोडी भरवली. पुढच्या महिन्यात मी सुट्टीवर असताना काय झालं असेल, ते मी विचारलं नाही.

केंद्राचा दोष मी मानत नाही. तिथल्या मुली नेपाळच्या, फिलिपिन्सच्या, मनाने चांगल्या. त्यांना संकष्टी कोणी सांगायची? ते काम आपलं होतं.

आपण इथे काय करतो? गणपती दणक्यात करतो. ढोल-ताशाचं पथक आहे, लेझीम आहे, पुण्याहून नाटक येतं, दिवाळीत फराळाचे स्टॉल लागतात. मी स्वतः उकडीचे मोदक वळायला जाते आणि पुढेही जाणार. पण आमच्या मराठी मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत ध्वनियंत्रणेचा खर्च या विषयावर दीड तास गेला आणि वृद्धांचा विषय "आयत्या वेळचे" मध्ये येऊन वेळेअभावी पुढे ढकलला गेला. पहिल्या पिढीतले आमचे लोक आता सत्तरीत आहेत. शिवाय आम्ही आईवडिलांना आणतो. कायमच्या व्हिसाचा लवकरचा मार्ग माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर पडतो, आणि ज्यांना ते परवडत नाही ते वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. सांगली-साताऱ्याहून आलेली ती माणसं दिवसभर बंद घरात टीव्हीसमोर बसून असतात. दारात हिवाळा, गाडी चालवता येत नाही, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देतात. महाराष्ट्रात ज्यांची मुलं परदेशी आहेत, त्यांनी हे वाचून इथल्या मुलांना चार प्रश्न विचारायला हरकत नाही.

मराठी माणसांकडे पैसा नाही, हे कारण मी ऐकणार नाही. पापूचं मंडळ टायरच्या कारखान्यातल्या आणि शिलाई मशीनवरच्या लोकांनी चालवलं. आमच्या मंडळात डॉक्टर आहेत, बँकांतले लोक आहेत, आणि आयटीवाले इतके की सतरंजी उचलायला माणूस मिळत नाही. ग्रीकांनी आधी दोन-दोन शिलिंगांची वही धरली, पंधरा मजले नंतर आले. शिवाय घाई त्यांनाही आहे. 2021 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात घरी पंजाबी बोलणाऱ्यांची संख्या ग्रीकांच्या पुढे गेली. ग्रीकांची तिसरी पिढी इंग्रजीतच प्रार्थना म्हणते. त्यांनी आपल्या म्हाताऱ्यांची सोय वेळेत लावली, एवढंच.

पापूच्या चाळिसाव्या दिवशी यायाने कोलिवा केली. गहू उकडून, स्वच्छ पांढऱ्या कापडावर रात्रभर सुकवून, त्यात बदाम, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, वर पिठीसाखरेचा जाड थर. मी मदतीला होते. गहू ओला राहिला तर साखर पाझरते, म्हणून ती दर तासाला उठून कापड बदलत होती. चर्चमध्ये कागदी पिशव्यांतून ती वाटली आणि भ्रातृमंडळाचा सध्याचा खजिनदार, एक पस्तिशीचा वकील, दारात टेबल टाकून पावत्या फाडत बसला होता. फुलांऐवजी वृद्धनिधीला द्या, असं पापूने लिहून ठेवलं होतं. मीही पावती घेतली.

येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी ठराव दिला आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला दहावा भाग वेगळ्या खात्यात ठेवावा. त्यातून आधी एक दूरध्वनी क्रमांक आणि मराठी बोलणाऱ्या स्वयंसेवकांची यादी करून शहरातल्या केंद्रांना पाठवावी, सोबत उपासतापासांचं इंग्रजीतलं एक पान जोडावं. महिन्यातून एकदा गाडीची सोय करून आजीआजोबांना एकत्र आणावं. स्वतःच्या केंद्राचं पुढचं पुढे. हिशोब दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लागावा. वही मी धरायला तयार आहे. नियमाप्रमाणे ठरावाला अनुमोदक लागतो. तिघांना विचारलं, तिघंही म्हणाले, "आधी गणपती होऊन जाऊ दे."