सुगंधाची ठेव

शहराची ओळख इमारतींवरून, बाजारपेठांवरून किंवा वाहनांच्या गर्दीवरून करून देण्याची प्रथा आहे. गंधावरून शहर ओळखावे, असे सहसा कोणी सुचवीत नाही. बेंगळुरूच्या दक्षिणेकडील बनशंकरीत मात्र ते आजही काही अंशी शक्य आहे. पावसाळा सरल्यावर येथील जुन्या वसाहतींतून सायंकाळी पायी जाणाऱ्यास वाटेवर लांब दांड्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा आढळतो. कन्नड शेजारी त्या झाडाला ‘आकाशमल्लिगे’ म्हणतात. पुण्याहून बदली होऊन आलेल्या कुटुंबाला मात्र ते बालपणी ज्याच्या फुलांच्या वेण्या गुंफल्या, ते बुचाचे झाड असते. बदलीच्या गावी भाषा नवी असली, तरी गंध जुनाच निघतो.

या वृक्षवैभवामागे नियोजन आहे. बडोदा संस्थानातील सेवेनंतर जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल १९०८ साली बेंगळुरूत आले व त्यांनी लालबागेची धुरा सांभाळली. प्रत्येक ऋतूत शहरात कोणते ना कोणते झाड बहरलेले असावे, हा त्यांच्या वृक्षलागवडीमागील विचार होता.

अलीकडे या बहराचा विचार मुख्यतः डोळ्यांपुरताच होतो. गुलाबी टॅबेबुया फुलला की छायाचित्रांना ऊत येतो. त्यात गैर काही नाही. परंतु रंग धावत्या मोटारीतूनही दिसतो. सुगंध केवळ पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येतो. मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेल्या निवृत्तिवेतनधारकाला बकुळीचा सडा दिसला नाही, तरी तो जाणवतो. म्हणूनच रस्त्याकडेला कोणते झाड लावावे, हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. तो पादचाऱ्याच्या हक्काचाही आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत. बुचाचे लाकूड ठिसूळ असल्याने वादळात फांद्या मोडतात. सप्तपर्णीचा उग्र दरवळ काहींना सोसत नाही. यावर उपाय झाडे टाळण्याचा नसून जागा निवडण्याचा आहे. बूच विजेच्या तारांपासून दूर, उद्यानाच्या कडेला शोभेल. सप्तपर्णी घरांच्या खिडक्यांपासून लांब असावी. सोनचाफा अंगणात बहरेल. वसाहतीतील रस्त्यांसाठी सदाहरित, दाट सावलीची बकूळ उत्तम. ती सावकाश वाढते, पण तिची फुले सुकल्यावरही सुगंध सोडीत नाहीत.

लावलेले झाड जगविणे हे त्याहून कठीण. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे झाड तोडण्यास परवानगी लागते. परंतु बुंध्यापर्यंत फरशी व काँक्रीट घालून त्याची मुळे गुदमरविणे कुऱ्हाडीइतके उघड दिसत नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट हटविण्याचा आदेश दिला होता. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या दारातील झाडापुरता तो स्वेच्छेने पाळावयास हवा.

बनशंकरी ही वनाची देवता. बदामीचे तिचे मूळ ठाणे अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत आहे. तिचे नाव धारण करणाऱ्या वसाहतीत वन उरले नाही, तरी वाटेवर त्याचा दरवळ उरावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. आपल्या शाखाही वृक्षारोपणाचे कार्यक्रम करतात. त्या वेळी रोप कोणते आणि पहिली तीन वर्षे पाणी कोण घालणार, हे दोन प्रश्न छायाचित्र काढण्यापूर्वी विचारले जावेत. आवर्ती ठेवीचे हप्ते चुकले, तर मुदतीअंती अपेक्षित रक्कम हाती येत नाही. सुगंधाच्या ठेवीचेही तसेच आहे.