शेजाऱ्याची चणचण

रिसोड तालुक्यातल्या रिठदला ढाक्यातली डॉलरटंचाई दूरची वाटेल. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला ती तशी वाटत नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले, पुढे तिथले डॉलरही आटले, आणि फटका इथल्या बागांना बसला. शेजाऱ्याची चणचण आपल्यालाही भोवते, हा धडा जुनाच. २ जुलै १९९७ पासून थायलंडचे चलन कोसळले, तेव्हा आग्नेय आशिया शहाणा झाला. २००० मध्ये चियांग माईत चीन, जपान, दक्षिण कोरियाला सोबत घेऊन त्याने चलन-अदलाबदलीची व्यवस्था ठरवली. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये सार्क देशांसाठी तशीच सोय केली. २०२२ मध्ये श्रीलंकेला तिचा आधार मिळालाही. पण ही सोय मध्यवर्ती बँकांपुरतीच. संत्र्याच्या ट्रकचा विचार कुठे व्हायचा? सार्कची शिखर परिषदच २०१४ नंतर भरलेली नाही.