देहदान आणि आटपाडीचा उन्हाळा

शरीररचना शिकविण्यास संगणकावरील चित्रे व प्लास्टिकच्या प्रतिकृती आता पुरेशा आहेत, मृतदेह जतन करण्याची यातायात कशाला, हा अलीकडे कानी पडणारा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. प्रतिकृती एका साच्यातून निघतात; प्रत्यक्षात मात्र कोणाचे आंत्रपुच्छ मोठ्या आतड्यामागे दडलेले, तर कोणाचे खाली कटीपोकळीत उतरलेले असते, आणि पित्ताशयाची रोहिणी कोठून फुटेल याचा नेम नसतो. देह मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा आणि मग वाळ्याच्या कुंचल्याने थर उकलत पाहावा, असे सुश्रुताने सांगितले ते याच निकडीपोटी.

सुश्रुतास देह कुजवून पाहावा लागे. फॉर्मालिनने तो वर्षानुवर्षे टिकतो. पण हे द्रावण रोहिणीवाटे भरावयाचे ते देह बिघडण्यापूर्वी, आणि आमच्या माणदेशात वैशाखातील ऊन त्यास फार सवड देत नाही. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे, परंतु आटपाडीहून तेथवरची वाट काही तासांची. अपरात्री मृत्यू झाला तर दाखला, वाहन, बर्फ यांची जुळवाजुळव शोकाकुल घराने करावी, ही अपेक्षाच निष्ठुर आहे. समाजसेवक नानाजी देशमुखांचा दान केलेला देह 2010 साली चित्रकूटहून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेपर्यंत पोहोचला. मागे व्यवस्था उभी असली की अंतर आड येत नाही.

1949 च्या कायद्याने बेवारस प्रेते अध्ययनासाठी देण्याची तजवीज केली, तिची उपयुक्तता मी नाकारीत नाही. तथापि ज्याला हयातीत कोणी विचारले नाही, त्याच्याच देहावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकाव्यात आणि राजीखुशीने देऊ इच्छिणाऱ्याची वाट मात्र अडावी, हे न्यायास धरून नाही.

दिलेल्या देहाची पुढील निगाही तितकीच महत्त्वाची. एका महाविद्यालयाच्या संग्रहालयात मी पाहिलेल्या बरणीतील द्रावण निम्म्यावर आले होते. हृदयाचा उघडा पडलेला भाग काळवंडून चामड्यासारखा झाला होता, आणि चिठ्ठीवरील अक्षरे लागत नव्हती. कोणाच्या तरी आप्तांनी विश्वासाने सोपविलेली ती ठेव आहे, याचे भान तेथे सुटले होते.

आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयात शीतपेटी, दिवसरात्र मिळणारी शववाहिका आणि देहदानाचे दप्तर सांभाळणारा एक जबाबदार कारकून, एवढी तरतूद जिल्हा आरोग्य खात्याने येत्या उन्हाळ्यापूर्वी करावी. आणि जतन केलेल्या अवयवांची दरसाल तपासणी होऊन तिचा अहवाल देहदात्यांच्या कुटुंबीयांस मागताच दाखविला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
आटपाडी, जि. सांगली