तिकिटावरचे तीन तास



काही वर्षांपूर्वी आमच्या तुमसरच्या खालाजान हजला निघाल्या. विमान नागपूरहून सकाळी 10 वाजता सुटणार आणि जेद्दाला दुपारी 1 वाजता पोहोचणार होते. पोरांनी बोटांवर हिशेब केला, "तीनच तास!" म्हणून बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि बॅग विमानाच्या पोटात. दुपारची गोळी चुकली, खालाजानचे डोके गरगरू लागले. अल्लाहच्या कृपेने निभावले, पण चूक आमचीच होती.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिकडे 1 वाजतो तेव्हा आपल्याकडे साडेतीन वाजलेले असतात. म्हणजे प्रवास तीन तासांचा नव्हे, साडेपाच तासांचा. परतीला उलटे होते, तिकिटावर प्रवास अडीच तासांनी जास्त दिसतो.

नागपूर ते जेद्दा सरळ अंतर सुमारे 4,100 किलोमीटर आहे. विमान ताशी आठशेच्या वर जाते, पण चढण, उतरण आणि मार्गातली वळणे धरून पाच ते सहा तास लागतात. पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जात, तेव्हा आठवडा किंवा त्याहून जास्त लागे. ती जहाजे 1995 मध्ये बंद झाली.

एक गंमत सांगते. भंडारा आणि मक्का दोन्ही साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मधे रेखांशाचे सुमारे 40 अंश. सूर्याला एका अंशासाठी चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडे मगरिबची अजान झाल्यावर सुमारे दोन तास चाळीस मिनिटांनी मक्केत सूर्य मावळतो.

वेळेचा हिशेब इबादतीलाही लागतो. थेट मक्केला जाणाऱ्यांनी मीकात ओलांडण्याआधी एहरामची नीयत करायची असते. विमान मीकातवरून जाते ते जेद्दाला उतरण्याच्या थोडेच आधी, आणि इतक्या वेगात ती जागा मिनिटांत मागे पडते. झोप लागली आणि नीयत राहिली, तर दम द्यायची पाळी येऊ शकते. म्हणून एहरामचे कपडे नागपूरलाच घालावेत आणि घोषणेकडे कान ठेवावा. आधी मदिनेला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आपल्या मौलानांना विचारून घ्यावे.

आणि हिशेब विमानापासून नव्हे, घराच्या उंबऱ्यापासून करावा. तुमसर ते नागपूर गाडी, विमानतळावर कित्येक तास आधीची हजेरी, उड्डाण, जेद्दाची तपासणी, पुढे मक्केपर्यंत सुमारे 80 किलोमीटर बस. मिळून जवळजवळ अख्खा दिवस जातो. तेवढ्या वेळेची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि थोडे खाणे हातातल्या पिशवीतच असू द्या.

यंदा आमची चाचीजान निघते आहे. तिची पिशवी मी स्वतः भरणार आहे.