करून पाहू या : गिटारच्या आवाजाला धार



माझी भाची सातवीत आहे. तिच्या दादाची इलेक्ट्रिक गिटार वाजायची, पण जणू घोंगडी पांघरून! म्हटलं, चला, ‘ट्रेबल बूस्टर’ करू. म्हणजे उंच स्वर उचलून धरणारी डबी.

१९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘डलास रेंजमास्टर’ नावाची अशी डबी निघाली. आत एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर! ‘क्वीन’ वाद्यवृंदाचा ब्रायन मेसुद्धा ट्रेबल बूस्टर वापरतो. त्याने तर वडिलांच्या मदतीने गिटारही घरीच बनवली. (याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीला शिकला, बरं का!)

आपण बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊ. ट्रान्झिस्टरची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

कृती :

१. गिटारच्या सॉकेटपासून बेसपर्यंत ‘४७२’ छापलेला कंडेन्सर जोडा.

२. बेसपासून बॅटरीच्या अधिक टोकाला ४७० किलोओहम आणि उणे टोकाला ८२ किलोओहमचा रेझिस्टर लावा.

३. १० किलोओहमच्या व्हॉल्यूमचं एका कडेचं टोक कलेक्टरला, दुसऱ्या कडेचं अधिकला जोडा. मधल्या टोकापासून ‘१०३’ कंडेन्सरमधून ॲम्प्लिफायरच्या सॉकेटला.

४. एमिटर ते उणे : ३.९ किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, दोन्ही समांतर. कंडेन्सरचं अधिक टोक एमिटरकडे.

५. दोन्ही सॉकेटची उरलेली टोकं उणेला.

गंमत आहे ती पहिल्या कंडेन्सरमध्ये. तो इतका छोटा, की जाड, खालचे स्वर दारातच अडतात. बारीक, उंच स्वर मात्र सहज आत शिरतात. मग ट्रान्झिस्टर त्यांना मोठं करतो.

आमची डबी लावली, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा! मी म्हटलं, “दुकानदाराने खराब ट्रान्झिस्टर दिला.” भाची डबीत डोकावली. “मामा, चपटी बाजू उलटी बसलीय.” खरंच की! कलेक्टरच्या जागी एमिटर! मी वर्गात रोज सांगतो, ‘उत्तर तपासा’. आणि इथे तपासायच्या आधी दुसऱ्यावर खापर फोडून मोकळा झालो. कान धरला, पाय बदलले. गिटार अशी खणखणली, की शेजारच्या काकू डोकावल्या!

तुमची डबी मुकी राहिली, तर मीटरने कलेक्टर आणि उणे यांच्यामध्ये मोजा. सुमारे ७ व्होल्ट हवेत.

डाग देताना मोठं माणूस जवळ हवंच. डबीला फक्त बॅटरी. घरातली वीज कधीही जोडू नका. आणि सुरू करण्याआधी ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करा. कान एकदाच मिळतात!

तुमचा,
गुरुजी