विश्लेषण : ग्रह नेमके कशाला म्हणायचे? प्लूटोचा वाद अजून का मिटत नाही?

सूर्यमालेत ग्रह नऊ की आठ, हा प्रश्न २००६ मध्ये मतदानाने सुटला आणि शालेय पुस्तकांतून प्लूटोचे नाव गेले. खगोलशास्त्रज्ञांमधील वाद मात्र थांबलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केपटाऊन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या (आयएयू) महासभेत ग्रहाची नवी व्याख्या मांडण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याने कायदा करून प्लूटोला आपला अधिकृत ‘राज्य ग्रह’ ठरवले. यातील दुसरी घटना भावनेची, तर पहिली विज्ञानाच्या खऱ्या अडचणीची आहे. ती अडचण काय, याचा आढावा.

ग्रहांची यादी पूर्वीही बदलली होती?

अनेकदा. आपल्या नवग्रहांत सूर्य आणि चंद्र आहेत, राहू-केतूही आहेत. पृथ्वी मात्र नाही. ग्रीकांच्या यादीतही सूर्य-चंद्र होते, कारण स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर भटकणारा तो ग्रह, अशी त्यांची समजूत होती. सूर्य केंद्रस्थानी असल्याचे मान्य झाल्यावर सूर्य-चंद्र यादीतून गेले आणि पृथ्वी आत आली. १ जानेवारी १८०१ रोजी ज्युसेप्पे पियाझी यांना मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सेरेस सापडला, तेव्हा त्यालाही ग्रह म्हटले गेले. पुढे त्याच पट्ट्यात पॅलास, जुनो, व्हेस्टा आणि नंतर आणखी अनेक पिंड सापडत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही संख्या हाताबाहेर जाऊ लागली आणि या सर्वांची रवानगी लघुग्रहांत झाली. प्लूटोच्या बाबतीत नेमके हेच पुन्हा घडले.

प्लूटोचे ग्रहपद अडचणीत का आले?

अ‍ॅरिझोनातील लॉवेल वेधशाळेत क्लाईड टॉमबॉ यांनी फेब्रुवारी १९३० मध्ये प्लूटो शोधला, तेव्हा तो पृथ्वीच्या तोडीचा असावा असा अंदाज होता. १९७८ मध्ये त्याचा उपग्रह शेरॉन सापडला आणि प्लूटोचे वस्तुमान नीट मोजता आले. ते आपल्या चंद्राच्या एक पंचमांशाहूनही कमी निघाले. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यात एकामागून एक बर्फाळ पिंड सापडू लागले. २००५ मध्ये माईक ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी एरिसचा शोध जाहीर केला. एरिसचे वस्तुमान प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी जास्त आहे. प्लूटो ग्रह असेल तर एरिस का नाही, या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण तोवर ग्रहाची अधिकृत व्याख्याच नव्हती.

२००६ मध्ये काय ठरले?

प्राग येथील महासभेत आधी जो मसुदा आला, त्यात सेरेस, शेरॉन आणि एरिस धरून १२ ग्रह होते. त्याला जोरदार विरोध झाला. २४ ऑगस्ट २००६ रोजी मंजूर झालेल्या व्याख्येत तीन अटी आल्या. पिंडाने सूर्याभोवती फिरावे. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल होण्याइतके त्याचे वस्तुमान असावे. आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर इतर पिंडांपासून मोकळा केलेला असावा. प्लूटो पहिल्या दोन अटींत बसतो, तिसरीत नाही. अशा पिंडांसाठी बटुग्रह हा वर्ग तयार झाला. प्लूटो, सेरेस, एरिस, हौमिया आणि माकेमाके हे पाच बटुग्रह आयएयूने मान्य केले आहेत.

या व्याख्येवर आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप प्रक्रियेवर. संघटनेचे सदस्य हजारोंच्या घरात असताना अखेरच्या दिवशीच्या मतदानात ४२४ जणांनीच भाग घेतला. काही दिवसांतच तीनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. दुसरा आक्षेप शब्दांवर. ‘परिसर मोकळा करणे’ म्हणजे किती, हे व्याख्या सांगत नाही. गुरूच्या कक्षेत हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत, पृथ्वीच्या कक्षेजवळूनही लघुग्रह जातात. अर्थात, त्या परिसरावर गुरूचे किंवा पृथ्वीचे निर्विवाद वर्चस्व आहे आणि प्लूटोचे तसे नाही, हा फरक खरा आहे. पण तो आकड्यात मांडला गेला नाही.

प्लूटोच्या बाजूचे शास्त्रज्ञ काय म्हणतात?

हा वाद मुळात दोन अभ्यासशाखांचा आहे. ग्रहांची गती आणि कक्षा अभ्यासणाऱ्यांसाठी पिंड कुठे आहे आणि शेजाऱ्यांवर त्याचा प्रभाव किती, हे महत्त्वाचे. ग्रहांचे भूविज्ञान अभ्यासणाऱ्यांसाठी पिंड स्वतः कसा आहे, हे महत्त्वाचे. ‘न्यू होरायझन्स’ हे यान जानेवारी २००६ मध्ये निघाले तेव्हा प्लूटो ग्रह होता. १४ जुलै २०१५ रोजी ते त्याच्याजवळून गेले तेव्हा तो बटुग्रह होता. यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत पाण्याच्या बर्फाचे तीन किलोमीटरहून उंच डोंगर, नायट्रोजनच्या वाहत्या हिमनद्या आणि वातावरणातील निळसर धुके दिसले. अशा पिंडाला ग्रह म्हणायचे नाही तर कशाला, असा या मोहिमेचे प्रमुख अ‍ॅलन स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवाल आहे. मात्र त्यांची व्याख्या मान्य केल्यास चंद्रासह अनेक मोठे उपग्रहही ग्रह ठरतात आणि संख्या शंभरावर जाते.

मग खरी अडचण कोणती?

२००६ च्या व्याख्येनुसार ग्रह फक्त सूर्याभोवतीच फिरू शकतो. इतर ताऱ्यांभोवती आजवर सहा हजारांहून अधिक ग्रह सापडले आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती असा पहिला ग्रह शोधल्याबद्दल मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना २०१९ चे नोबेलही मिळाले. पण व्याख्येच्या अक्षरानुसार यांतला एकही ‘ग्रह’ नाही. शिवाय इतक्या दूरच्या पिंडाचा आकार गोल आहे की नाही किंवा त्याचा परिसर मोकळा आहे की नाही, हे थेट पाहणे आजच्या दुर्बिणींना शक्य नाही. म्हणजे विषयातील बहुतांश ग्रहांना लावताच येत नाही अशी व्याख्या आपल्या हाती आहे.

नवा प्रस्ताव काय सांगतो?

जाँ-ल्यूक मार्गो, ब्रेट ग्लॅडमन आणि टोनी यांग यांनी गोल आकाराची अट वगळून मोजता येणारे वस्तुमान पायाभूत मानले आहे. पिंड एक किंवा अधिक ताऱ्यांभोवती, तपकिरी बटूंभोवती किंवा ताऱ्यांच्या अवशेषांभोवती फिरणारा असावा. त्याचे वस्तुमान एकावर २३ शून्ये इतक्या किलोग्रॅमपेक्षा जास्त आणि गुरूच्या १३ पटींपेक्षा कमी असावे. बुध या खालच्या मर्यादेच्या तिपटीहून जड आहे; प्लूटो तिच्या जेमतेम एक अष्टमांश. त्यामुळे सूर्यमालेतील संख्या आठच राहते. बुधापेक्षा आकाराने मोठा असलेला गॅनिमिड गुरूभोवती फिरतो, म्हणून तो उपग्रहच. वरची मर्यादा घालण्याचे कारण असे की त्याहून जड पिंडाच्या गाभ्यात ड्युटेरियमचे संमीलन सुरू होऊ शकते आणि तो तपकिरी बटू मानला जातो.

भारतीय संशोधनाशी याचा संबंध काय?

अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये माऊंट अबू येथील गुरुशिखर वेधशाळेतील ‘पारस’ या वर्णपटमापकाच्या साहाय्याने ‘टीओआय ४६०३ बी’ हा ग्रह शोधला. त्याचा आकार साधारण गुरूएवढा, पण वस्तुमान गुरूच्या सुमारे १३ पट. म्हणजे तो बरोबर सीमारेषेवर आहे. मोजमापातील थोड्याशा फरकाने त्याची जात बदलू शकते. निसर्गाने अशी रेघ ओढलेली नाही, ती आपण ओढतो, हे यातून स्पष्ट होते.

प्लूटो परत येईल का?

सध्या तरी चिन्हे नाहीत. केपटाऊनमध्ये नव्या प्रस्तावावर मतदान झाले नाही. पुढची महासभा २०२७ मध्ये रोममध्ये आहे. तिथे व्याख्या बदललीच तरी या प्रस्तावानुसार प्लूटो बाहेरच राहील. त्याने प्लूटोचे काही बिघडत नाही. बटुग्रह झाल्यावरच त्याच्याविषयी सर्वाधिक माहिती मिळाली. प्रश्न इतर ताऱ्यांभोवतीच्या हजारो ग्रहांचा आहे. त्यांची तुलना करायची तर सर्वांना लागू पडेल अशी एकच मोजपट्टी हवी. ती जोवर ठरत नाही, तोवर विद्यार्थ्यांना ‘ग्रह आठ’ हे उत्तर देण्याबरोबरच, ते कोणत्या नियमाने आले हेही सांगितले पाहिजे.